पडलेली नोट

झोप लागत नाही त्या रात्री मी लॉटरी जिंकते.

तिकीट मात्र आजवर एकदाही काढलेलं नाही. गरजच पडत नाही. उशी उलटी करायची, थंड बाजू गालाखाली घ्यायची आणि आकडा लागला असं समजायचं. पहिली पाच मिनिटं सोपी जातात. कर्ज फिटतं, गळकं छत दुरुस्त होतं, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. मग नातेवाइकांत वाटप सुरू होतं आणि सगळा घोळ होतो. मावशीला इतके दिले तर आत्याला किती? ज्या चुलतभावाने दहा वर्षांत साधा फोन केला नाही, त्याला द्यायचे का? दिले तर तो ‘एवढेच?’ म्हणणार, हे अंधारातसुद्धा मला स्पष्ट ऐकू येतं. एकदा तर नसलेल्या पैशांवरून आत्या माझ्यावर रुसली, आणि मी खरोखरच दोन दिवस तिच्याशी तुटक बोलत होते. तिला बिचारीला काय पत्ता!

म्हणून काही वर्षांपूर्वी मी खेळाचा नियम बदलला. जिंकल्याचं कुणाला कळता कामा नये आणि पैसे द्यायचे ते अनोळखी माणसांना. त्याच सुमारास औषधांच्या दुकानात एक गृहस्थ रांगेत माझ्या पुढे उभे होते. चिठ्ठीवर तीस गोळ्या होत्या, त्यांनी सहाच मागितल्या. दुकानदार कात्रीने पट्टी कापत होता, तेवढा वेळ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझ्या खेळातलं पहिलं पाकीट त्यांना जातं. तेव्हापासून झोपही लवकर लागते.

एक कबुली मात्र द्यायला हवी. पाकीट ठेवून मी निघून जात नाही. खांबाआड उभी राहते. त्यांचा चेहरा बघायचा असतो ना!

खरी लॉटरी लागलेल्यांना इतकं निवांत खांबाआड उभं राहता येत नाही, हे नंतर वाचनात आलं. एक तर ती लागणंच कठीण. ४९ आकड्यांतून ६ ओळखायचे असतील तर तुमची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक. अमेरिकेतल्या पॉवरबॉलमध्ये ती २९,२२,०१,३३८ मध्ये एक इतकी खाली जाते. एवढ्यातूनही लागलीच, तर तिथल्या बऱ्याच राज्यांत विजेत्याचं नाव जाहीर करावं लागतं. कारण विचित्र असलं तरी पटण्यासारखं आहे. बक्षीस खरंच कुणा हाडामांसाच्या माणसाला मिळालं, याची बाकीच्यांना खात्री पटली पाहिजे. नाहीतर पुढच्या आठवड्यात तिकीट कोण घेईल?

२०१८च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका बाईंना पॉवरबॉलचं जवळपास ५६ कोटी डॉलरचं बक्षीस लागलं. त्यांनी लगेच तिकिटाच्या मागे नाव-पत्ता लिहिला, सही केली. आपण कुणीही तेच केलं असतं. मग वकिलाकडून कळलं, की ट्रस्टच्या नावाने दावा केला असता तर नाव झाकलेलं राहिलं असतं. आता खाडाखोड करावी तर तिकीटच बाद होणार. बाई कोर्टात गेल्या. कागदपत्रांत त्यांचं नाव ‘जेन डो’ असं लागलं, म्हणजे आपल्या भाषेत अमुकबाई तमुक. मार्चमध्ये न्यायाधीशांनी नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली. पैसे हाती येताच ट्रस्टतर्फे मुलींसाठी आणि उपाशी राहणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना अडीच लाख डॉलर गेले. चेक वकिलांनी दिले. बाई आजही अमुकबाईच आहेत. मला राहून राहून त्या सहीचं नवल वाटतं. आनंदाच्या पहिल्या झटक्यात माणसाचा हात आधी स्वतःचं नाव लिहितो, आणि मग ते नाव पुसायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

ज्यांनी नाव पुसलं नाही, त्यांचंही ऐकलं आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या जॅक व्हिटेकर यांना २००२च्या नाताळात ३१.४९ कोटी डॉलरचं बक्षीस लागलं. त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर मिरवलं. हात सैल होता. चर्चना दिलं, तिकीट विकणाऱ्या बाईला घर घेऊन दिलं. मग मदत मागणाऱ्यांची रीघ लागली, चोऱ्या झाल्या, खटले झाले, आणि २००४ मध्ये लाडकी नात गेली. ही गोष्ट सांगणारे लोक शेवटी हटकून मान हलवतात आणि त्या मान हलवण्यात थोडं सुख असतं. लॉटरीने माणूस धुळीला मिळतो, हे आपल्याला ऐकायला आवडतं, कारण आपल्याला ती लागलेली नसते. स्वीडनमध्ये तीन हजारांहून जास्त विजेत्यांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठं बक्षीस मिळालेली माणसं अनेक वर्षांनंतरही आयुष्याबद्दल जास्त समाधानी होती, असं त्यात दिसलं. हे कुणी मान हलवून सांगत नाही.

आणि देऊन टाकणारेही असतात. कॅनडातल्या ॲलन आणि व्हायोलेट लार्ज या वयस्क जोडप्याला २०१० मध्ये एक कोटी बारा लाखांच्या आसपास कॅनेडियन डॉलर लागले. व्हायोलेटबाईंचे कॅन्सरचे उपचार चालू होते. दोघांनी बसून यादी केली, अग्निशमन दल, चर्च, स्मशानभूमी, दवाखाने, आणि जवळजवळ सगळे पैसे वाटून मोकळे झाले. जे कधी नव्हतंच ते नसल्याचं काय वाटणार, असा त्यांचा सूर होता. त्याच देशातले टॉम क्रिस्ट. २०१३च्या मे महिन्यात ४ कोटी डॉलर लागले आणि डिसेंबरपर्यंत त्यांनी मुलांनाही सांगितलं नाही. बायको कॅन्सरने गेली होती; सगळी रक्कम दानधर्माला द्यायची, हे ठरवून टाकलं. मी त्या सात महिन्यांचा विचार करते. रोज जेवायला बसताना, मुलांशी फोनवर हवापाण्याचं बोलताना पोटात ४ कोटी घेऊन बसायचं. माझ्या पोटात तर साधी वाढदिवसाची भेट आठवडाभर टिकत नाही.

पण ही सगळी माणसं मला एका जुन्या नोटेपाशी आणून सोडतात. तिचा लॉटरीशी संबंध नाही. म्हणजे मला आधी तसं वाटलं होतं.

१९७१ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात लॅरी स्टुअर्ट नावाचा एक कंगाल तरुण खाणावळीत शिरला. एक-दोन दिवस पोटात काही नव्हतं. त्याने भरपेट न्याहारी केली आणि मग खिसे चाचपत पाकीट हरवल्याचं सोंग करू लागला. मालक काउंटरमागून बाहेर आला, त्याच्या खुर्चीजवळ वाकला, वीस डॉलरची नोट उचलली आणि म्हणाला, तुझीच पडलेली दिसते. स्टुअर्टने बिल भरलं आणि बाहेर पडला. ती नोट कुणाची पडलीच नव्हती, हे त्याच्या डोक्यात नंतर शिरलं.

पुढे त्याने पैसा कमावला, आणि १९७९ पासून नाताळच्या दिवसांत रस्त्यावर, धुलाई केंद्रांत, स्वस्त खाणावळींत अनोळखी माणसांच्या हातात नोटा ठेवत हिंडू लागला. नाव विचारलं तर सांगायचं नाही. सव्वीस वर्षांत जवळपास तेरा लाख डॉलर असे गेले. २००६ मध्ये एक वृत्तपत्र नाव फोडणार असं कळलं, तेव्हा त्याने स्वतःच ते सांगून टाकलं. अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. २००७च्या जानेवारीत तो गेला. मधल्या काळात त्याने त्या मालकाला शोधून काढलं होतं आणि वीस डॉलरचे दहा हजार करून परत केले होते.

तेरा लाखांपेक्षा मला त्या वीस डॉलरचं कौतुक जास्त आहे. नाव लपवून देणारे पुष्कळ असतात. या माणसाने देणंच लपवलं. घेणाऱ्याला आपण घेतोय हेही कळू दिलं नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला पायावर उभं करणं, मग त्याला दानाची गरजच उरत नाही. तिच्या खालची दुसरी: देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. तिसऱ्या पायरीवर देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. पूर्वीचे काही सत्पुरुष गुपचूप जाऊन गरिबांच्या दाराशी पैसे टाकून येत, ते या पायरीवरचे. चौथीवरचे मला फार आवडतात. ते पैसे कपड्यात बांधून ती गाठ पाठीवर टाकत आणि चालत राहत. गरिबाने मागून यावं, सोडून घ्यावं. मागे वळून बघायचं नाही.

म्हणजे खांबाआडच्या मला तिसरी पायरी. तीही कशीबशी.

चक फीनी यांच्यासाठी मात्र मला पायरी ठरवता येत नाही. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात त्यांनी अफाट पैसा केला. १९८२ मध्ये दानधर्मासाठी संस्था काढली आणि १९८४ मध्ये धंद्यातला जवळजवळ सगळा वाटा गुपचूप तिच्या नावे केला. १९८८ साली फोर्ब्स मासिकाने त्यांना अतिश्रीमंतांच्या यादीत टाकलं तेव्हा तो पैसा त्यांचा राहिलेलाच नव्हता. मदत मिळालेल्या विद्यापीठांना आणि दवाखान्यांना ती कुणाची हे कळत नसे. कुठून आली याची वाच्यता करायची नाही, अशी अटच होती. १९९७ मध्ये धंदा विकताना बिंग फुटलं. २०२० मध्ये आठशे कोटी डॉलर वाटून संस्था बंद झाली. फीनी भाड्याच्या घरात राहत, मनगटावर प्लॅस्टिकचं स्वस्त घड्याळ. २०२३ मध्ये बाण्णवाव्या वर्षी ते गेले.

हे वाचून कुणीही हात जोडेल, मीही जोडले. पण जोडलेल्या हातांमागे एक शंका राहतेच. वीस डॉलर गुपचूप देणं आणि आठशे कोटी गुपचूप देणं, या दोन्हींना एकच शब्द कसा पुरेल? इतक्या पैशाने संस्था उभ्या राहतात, धोरणं हलतात. तिथे ‘कुणाचा पैसा?’ असं विचारण्याचा हक्क बाकीच्यांना असायला हवा. फीनींचं नशीब बलवत्तर, म्हणण्यापेक्षा आपलं बलवत्तर, की माणूस सरळ होता. गुप्तपणा तेवढाच ठेवून माणूस बदलून बघा.

असो. एवढ्या मोठ्या रकमांपुढे माझी शंका ती काय! माझ्या वाट्याला आलेली रक्कम फार लहान होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वडिलांचं काम सुटलं होतं. परीक्षेच्या फीची शेवटची तारीख आली आणि मी मुदत मागायला ऑफिसच्या खिडकीशी गेले. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते. क्लार्ककाकांनी माझं नाव विचारलं, रजिस्टरवरून बोट खाली खाली नेलं आणि म्हणाले, “तुझी भरलीय.”

“कुणी?”

“पावती घे आणि बाजूला हो. मागे रांग आहे.”

पावती अजून माझ्याकडे आहे. पातळ गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरं पार फिकी पडलेली. ‘यांच्याकडून मिळाले’ अशा छापील शब्दांपुढे जागा आहे. तिथे माझंच नाव आहे. काकांच्या हस्ताक्षरात.

यानंतर मला कृतज्ञतेने भरून आलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. भरून आली ती लाज. त्या रात्री एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. आमची परिस्थिती कुणाला कळली? वडिलांचं काम सुटल्याचं मी एकाही मैत्रिणीला सांगितलं नव्हतं. चपलेचा अंगठा शिवून घेतलेला होता, तो कुणाच्या लक्षात आला असेल? कँटीनमध्ये ‘भूक नाही’ म्हणायचे, ते खोटं आहे हे कुणी ओळखलं? कुठल्या तरी खांबाआडून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. वडिलांना तर मी फी माफ झाली असं सांगितलं. तेवढं एक खोटं त्यांच्यापाशी शेवटपर्यंत राहिलं.

लाज आठवडाभराने ओसरली. मग संशय आला. मराठीच्या बाई होत्या, त्या वर्गात माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत असं वाटू लागलं. ग्रंथपाल होते, ते उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंड घेत नसत. एका मैत्रिणीची आई होती. खुद्द क्लार्ककाका होते. कोण ते कळेना, म्हणून मी सगळ्यांशीच नीट वागू लागले. मराठीच्या बाईंची पिशवी उचलायचे. ग्रंथपालांची पुस्तकं मांडणीत लावून द्यायचे. मैत्रिणीची आई आजारी पडली तेव्हा तीन रात्री दवाखान्यात बसले; ती फी तिने भरली नसणार हे तोवर कळून चुकलं होतं, तरी बसले. ‘मिंधा’ हा शब्द आपण किती दातओठ खाऊन वापरतो! एका माणसाचं मिंधं असणं असह्य असतं, खरं आहे. त्याची सावली दिसली तरी मान खाली जाते. पण कुणाचं मिंधं आहोत हेच ठाऊक नसलं की ते ओझं एका जागी बसत नाही. सगळ्या कॉलेजवर थोडं थोडं पसरतं. उतराई व्हायला पत्ताच नाही, मग दिसेल त्याच्या दारात थोडं थोडं टाकत जावं लागतं.

पुष्कळ वर्षांनी क्लार्ककाका एका लग्नात भेटले. निवृत्त झाले होते. मी विचारलंच. ते म्हणाले, “कसली फी गं? मुलं किती तुला?” खरंच विसरले होते की अजून खिडकीच्या पलीकडे बसले होते, मला सांगता येणार नाही.

गुप्तदानाला असा एक तरी जाणता लागतोच, हे मला फार उशिरा उमगलं. अलाबामातला एक शेतकरी जवळपास दहा वर्षं दर महिन्याला औषधांच्या दुकानात जाऊन शंभर डॉलरची घडी केलेली नोट देत असे. ज्याला बिल परवडणार नाही त्याच्यासाठी वापरा, माझं नाव सांगू नका. २०२३च्या पहिल्या दिवशी तो वारला, तेव्हा गावाला कळलं. हजार एक डॉलर वर्षाला, त्याहून थोडे जास्त. त्याचं कौतुक जगभर झालं ते ठीकच, पण दहा वर्षं तोंड मिटून बसलेल्या त्या दुकानदारबाईंचं काय? जवळजवळ दर महिन्याला कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून ‘कुणी भरले हो?’ विचारणार आणि यांनी पट्टी पिशवीत घालत राहायचं. देणाऱ्याने खिसा रिकामा केला, पण जीभ आवरली ती या बाईंनी.

आता लॉटरीकडे परत येते, कारण मधल्या काळात एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. तो पैसा येतो कुठून?

पॉवरबॉलचं साधं तिकीट २ डॉलरचं. त्यातला साधारण निम्मा पैसा बक्षिसांसाठी बाजूला निघतो. म्हणजे अमुकबाईंच्या बक्षिसात कोट्यवधी अनोळखी हातांतला थोडा थोडा पैसा होता. त्या हातांना बाई माहीत नाहीत आणि बाईंना ते हात माहीत नाहीत. मायमोनिडीसची दुसरी पायरी तंतोतंत जमली आहे. अडचण एकच, द्यायची इच्छा त्यातल्या एकाचीही नव्हती. प्रत्येकाने तिकीट काढलं ते स्वतःला लागावं म्हणून, आणि निकालानंतर चुरगाळून टाकलं. त्यातही अमेरिकेत कमी मिळकतीची घरं मिळकतीच्या मानाने लॉटरीवर जास्त खर्च करतात. ज्याला खरी गरज त्याच्या खिशातून जास्त गेलेले असतात.

मग लॉटरी लागलेला माणूस अनोळखी दारांशी पाकिटं टाकत हिंडतो, त्याला दान म्हणावं का, असा मला प्रश्न पडतो. कमावलेल्या पैशाबद्दल मी हे म्हणणार नाही. पण हा पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने, न सांगता, न ओळखता परत चालला आहे. खाणावळीच्या मालकाला ‘तुझीच पडलेली दिसते’ हे खोटं बोलावं लागलं. लॉटरी लागलेला माणूस ते खरं बोलू शकेल. औषधांच्या दुकानातल्या त्या गृहस्थांच्या वरच्या खिशात, चिठ्ठीच्या मागे, गेल्या आठवड्यातलं न लागलेलं तिकीट नसेलच असं कुणी सांगावं?

तेव्हा खेळात अजून एक बदल केला आहे. पाकीट रद्द. खांबही रद्द. मी रांगेत त्यांच्या मागेच उभी असते. दुकानदार कात्री उचलतो तेव्हा मी खाली वाकते, सरळ होते आणि म्हणते, “अहो, तुमची नोट पडली.” ते कॅलेंडरवरची नजर काढून माझ्या हाताकडे बघतात, मग खिसा चाचपू लागतात. पुढे काय होतं ते अजून दिसलेलं नाही. तेवढ्यात मला झोप लागते.